फिरत्या घरातील गिझर : बिघाड आणि दक्षता

धुळे जिल्ह्यातील नरडाणा हे मुंबई-आग्रा महामार्गावरील गाव. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारल्याने, राहण्याची सोय असलेल्या वाहनांना मुक्कामाची जागा व वीजजोडणी देण्याचा प्रश्न अशा गावांपुढेही येऊ शकतो. हिवाळ्यातील पहाटे ‘गिझर चालत नाही’ ही तक्रार किरकोळ वाटते. परंतु पाणी व वीज एकत्र असलेल्या या उपकरणाची चुकीची दुरुस्ती जिवावर बेतू शकते. म्हणून दोषाचा शोध क्रमानेच घेणे इष्ट होय.

प्रथम पाणी पाहावे. वाहन उभे ठेवताना गिझरची टाकी बहुधा रिकामी केली जाते. रिकाम्या टाकीत बटण दाबल्यास एलिमेंट अल्पावधीत जळते. यास्तव गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येईपर्यंत वीज सुरू करू नये.

त्यानंतर विजेचा दाब पाहावा. २३० व्होल्टला २००० वॅट देणारे एलिमेंट १७० व्होल्टला सुमारे ११०० वॅटच देते. परिणामी १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापण्यास २१ मिनिटांऐवजी सुमारे ३८ मिनिटे लागतात. येथे दोष गिझरचा नसून पुरवठ्याचा, कित्येकदा लांब व बारीक तारेचा असतो.

दाब योग्य असूनही पाणी थंडच राहिल्यास थर्मोस्टॅट, सुरक्षा कट-आऊट वा एलिमेंट यांपैकी एखादा भाग निकामी झालेला असू शकतो. वीज पूर्णतः बंद करून जाणकार तंत्रज्ञाने मोजमाप केल्यास वरील एलिमेंटचा रोध सुमारे २६ ओहम भरावा. कट-आऊट वारंवार पडत असल्यास तो वगळून थेट जोडणी कदापि करू नये.

कूपनलिकेचे पाणी जड असल्यास एलिमेंटवर क्षारांचा थर साचतो. पाणी तापण्यास विलंब लागतो व एलिमेंट लवकर निकामी होते. वेळोवेळी थर काढणे हाच त्यावर उपाय. पाणी तापताना सुरक्षा झडपेतून काही थेंब पडणे स्वाभाविक आहे. ती झडप बुजवू नये.

नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर नळ सोडून प्रथम मुख्य पुरवठा बंद करावा. वाहनाची चाके रबरी असल्याने त्याच्या धातूच्या सांगाड्याला जमिनीशी आपोआप जोडणी मिळत नाही. म्हणून मुक्कामाच्या जागी १६ अँपिअरचे सॉकेट, खात्रीचे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे संरक्षक उपकरण असणे अत्यावश्यक आहे. ग्रामपंचायतीने जागा देण्यापूर्वी या तीन गोष्टींची तपासणी परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून करून घ्यावी.