पाण्यातून आलेला रणगाडा ओळखावा कसा?

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरची जून १९४४ मधली छायाचित्रे पाहताना एक शर्मन रणगाडा हमखास भेटतो. त्याच्या पाठीवर पत्र्याचे उंच चौकोनी नळ उभे असतात आणि पुष्कळदा खाली लिहिलेले असते : ‘पोहणारा रणगाडा’. प्रत्यक्षात तो पोहणारा नसतो. उतरण-नौकेचा दरवाजा उथळ पाण्यात उघडला, की तो समुद्राच्या तळावरूनच चालत येतो. इंजिनाला वरून हवा मिळावी आणि धूर पाण्याच्या वर सुटावा, एवढ्यासाठी ते नळ असतात. पाणी जरा जास्त खोल निघाले, तर हा गडी बुडालाच. खऱ्या पोहणाऱ्या शर्मनला असले नळ नसतात. किनाऱ्यावर चढून तो स्थिरावला, की तो जवळजवळ साध्या रणगाड्यासारखाच दिसतो.

दुसऱ्या महायुद्धातले उभयचर रणगाडे ओळखताना घोटाळे होतात ते इथेच. आपली नजर आधी तोफेवर, रंगावर आणि अंगावरच्या आकड्यांवर जाते. तोफ बदलता येते, रंग तर रातोरात बदलतो. त्यामुळे पहिला प्रश्न वेगळा हवा : हे कित्येक टनांचे धूड तरंगते कशाच्या जोरावर? त्या काळात याची मुख्य उत्तरे तीन होती : भोवती उभारलेले कापड, मुळातच होडीसारखे बांधलेले अंग, किंवा वरून जोडलेले पोकळ पेटारे. उत्तर कळले, की घराणे कळते. घराण्यातला नेमका भाऊ कोणता, हे मग चाकांवरून आणि सांगाड्यावरून शोधायचे.

कापडावर तरंगणारे

कापडाची कल्पना निकोलस स्ट्रॉस्लर या हंगेरीत जन्मलेल्या आणि पुढे ब्रिटिश नागरिक झालेल्या अभियंत्याची. रणगाड्याच्या अंगाभोवती होडीच्या आकाराची पोलादी कड जोडायची आणि तिच्यावर जाड, जलरोधक कापडाची भिंत उभी करायची. आत रबरी नळ्या. त्यांत दाबाची हवा भरली, की भिंत ताठ होते. त्या भल्यामोठ्या टोपलीत बसलेला रणगाडा स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारतो आणि तरंगतो. १९४१ मध्ये लंडनजवळच्या ब्रेंट जलाशयात हलक्या टेट्रार्क रणगाड्यावर ही युक्ती तपासली गेली. जमिनीवर पट्टे आणि पाण्यात पंखे अशी दुहेरी चाल असल्यामुळे नाव पडले ‘ड्युप्लेक्स ड्राइव्ह’, म्हणजे डीडी. सैनिकांनी त्याचे लगेच ‘डोनाल्ड डक’ करून टाकले.

डीडीचा पहिला मोठा अवतार व्हॅलेंटाइन. तो ओळखायला सोपा आहे. प्रत्येक बाजूला सहा चाके, त्यांतले पहिले आणि शेवटचे मोठे, मधली चार लहान. मागे पंखा एकच. पाण्यात असताना त्याचा टरेट मागे वळवून ठेवावा लागे, कारण पुढे ताणलेल्या कापडात तोफ मावत नसे. किनाऱ्याला लागताच पुढे गोळा टाकण्याची सोय त्यामुळे उरली नाही. व्हॅलेंटाइन मुख्यतः सरावासाठी वापरला गेला. ४ एप्रिल १९४४ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर स्टडलंड खाडीतल्या सरावात हवा अचानक बिघडली, अनेक व्हॅलेंटाइन बुडाले आणि सहा सैनिक दगावले.

पुढचा अवतार शर्मन. त्याच्या प्रत्येक बाजूला दोन-दोन चाकांच्या तीन बोग्या असतात आणि चाके सगळी एकाच मापाची. मागे पंखे दोन. पण शर्मन डीडीची सर्वांत पक्की खूण पट्ट्याच्या मागच्या टोकाला सापडते. शर्मनमध्ये इंजिन मागे आणि पट्टा ओढणारे दातेरी चाक पुढे. मागच्या पंख्यांना शक्ती द्यायची कशी? अभियंत्यांनी ती पट्ट्याकडूनच घेतली : मागचे चाकही दातेरी केले, पट्टा त्याला फिरवी आणि ते पंख्यांना. साध्या शर्मनचे मागचे चाक गुळगुळीत असते. त्यामुळे कापड कुजून गेले, पंखे गळाले, तरी मागच्या चाकाला दाते आहेत का, एवढे पाहिले की निकाल लागतो.

आता भावंडे. अमेरिकी तुकड्यांचा डीडी हा एम४ए१ : अखंड ओतीव अंग, कडा सगळ्या गोलसर. ब्रिटिश आणि कॅनेडियन तुकड्यांत सपाट पोलादी पत्रे वेल्डिंगने जोडलेले एम४ए४ आणि एम४ए२ होते. ब्रिटिश त्यांना अनुक्रमे शर्मन पाच आणि शर्मन तीन म्हणत. या दोघांत फरक करायचा, तर बोग्यांमधली जागा पाहायची. एम४ए४ मध्ये क्रायस्लरचे तीस सिलिंडरचे इंजिन होते. ते मावावे म्हणून अंग लांबवले, बोग्या दूर सरकल्या आणि पट्ट्याच्या कड्या एका बाजूला ७९ च्या ८३ झाल्या. दोन डिझेल इंजिनांच्या एम४ए२ मध्ये बोग्या जवळजवळच राहिल्या. दुमडलेल्या कापडाने अंगाचा बराच भाग झाकलेला असला, तरी बोग्या उघड्याच असतात.

हे कापड शांत पाण्यासाठी होते. सुमारे फूटभर लाटेच्या हिशेबाने केलेल्या रणगाड्यांना ६ जूनला नॉर्मंडीतल्या ओमाहा किनाऱ्यासमोर सहा फुटांपर्यंतच्या लाटा भेटल्या. अमेरिकेच्या ७४१व्या टँक बटालियनने २९ डीडी किनाऱ्यापासून काही किलोमीटर अंतरावर पाण्यात सोडले. त्यांतले २७ बुडाले, दोनच पोहत किनाऱ्याला लागले. शेजारच्या ७४३व्या बटालियनचे डीडी समुद्राचा रंग पाहून उतरण-नौकांनी थेट किनाऱ्यावर नेऊन सोडले. यूटा किनाऱ्यावर पाणी त्या मानाने शांत होते आणि रणगाडे कमी अंतरावरून सोडले होते. तिथे बहुतेक सगळे पोहोचले. एकच नमुना, एकच सकाळ, आणि निकाल इतके वेगळे. छायाचित्रातला डीडी पोहत आला की नौकेतून कोरडाच उतरला, हे त्यामुळेच रणगाड्याकडे पाहून सांगता येत नाही. त्यासाठी किनारा आणि तुकडी माहीत असावी लागते.

होडीतून जन्मलेले

प्रशांत महासागरात अडचण वेगळी होती : बेटांभोवतीची प्रवाळाची भिंत. नौका तिच्यावर अडकत. तिथे कामी आले एलव्हीटी. मुळात डोनाल्ड रोबलिंग याने फ्लॉरिडाच्या दलदलीत अडकलेल्यांना सोडवण्यासाठी बनवलेले हे वाहन. त्याचे अंगच पोकळ असल्यामुळे ते तरंगे आणि पंख्याऐवजी पट्ट्यांवरच्या आडव्या वल्ह्यांनी पाणी कापे. नोव्हेंबर १९४३ मध्ये तारावा इथे प्रवाळावरून चढून जाण्यात त्याने आपली किंमत दाखवली. माणसे वाहणाऱ्या या गाडीवर टरेट बसवला, तेव्हा उभयचर रणगाडा तयार झाला.

नावातल्या ‘ए’ने इथे फसायचे नाही. ‘ए’ म्हणजे चिलखती, तोफधारी नव्हे. एलव्हीटी(ए)-२ ला चिलखत आहे, पण टरेट नाही, ते माल-माणसांचेच वाहन. एलव्हीटी(ए)-१ वर हलक्या स्टुअर्ट घराण्याचा बंद टरेट, ३७ मिलिमीटरची बारीक तोफ आणि टरेटच्या मागे मशीनगनसाठी दोन गोल जागा. एलव्हीटी(ए)-४ वर मोठा, वरून उघडा टरेट आणि ७५ मिलिमीटरची आखूड, जाडसर हॉवित्झर. बंकर फोडायला ३७ मिलिमीटरचा गोळा तोकडा पडत होता, म्हणून हा बदल. १५ जून १९४४ रोजी सायपान बेटावर दोन्ही एकाच चढाईत होते. पुढच्या एलव्हीटी(ए)-५ मध्ये टरेट यंत्राने फिरे आणि तोफेला स्थिर ठेवणारी योजना होती. हे फरक आतले असल्याने बाहेरच्या छायाचित्रावरून ४ आणि ५ वेगळे करताना जाणकारही हात आखडता घेतात.

पेटारे जोडलेले

जपानी नौदलाचा टाइप २ का-मी हा हलक्या हा-गो रणगाड्यावरून घडवलेला. त्याच्या पुढे आणि मागे पोकळ पेटारे लावत. किनारा आला, की आत बसूनच ते सोडून देता येत. पेटारे असताना तो छोट्या नौकेसारखा टोकदार दिसतो. ते गेले, की उरतो एक उंच, चौकोनी, वेल्डिंग केलेला पेटीवजा रणगाडा. एकाच वाहनाची ही दोन रूपे दोन वेगळे नमुने वाटू शकतात. असे सुमारे १८० रणगाडे बनले आणि त्यांतले काही सायपान आणि लेटे इथे लढले. एप्रिल १९४५ मध्ये ओकिनावा इथे अमेरिकनांनीही शर्मनला पोलादी पेटारे जोडून ‘टी-६’ नावाने किनाऱ्यावर उतरवले. ते शर्मनच, पण डीडी नव्हेत : भोवती कापड नाही, मागे पंखे नाहीत.

आपल्याकडचा धागा

डीडीचा प्रवास हिंदुस्थानपर्यंतही आला होता. मलायाच्या किनाऱ्यावर उतरण्यासाठी १९४५ मध्ये ब्रिटिश सैन्याच्या २५व्या ड्रॅगून्सनी इथे डीडी शर्मनवर सराव केला. जपानने शरणागती पत्करली आणि त्यांच्यावर पोहत लढण्याची वेळ आली नाही.

नजर तयार करायला मराठी वाचकाला नॉर्मंडी गाठायची गरज नाही. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये व्हॅलेंटाइन आणि शर्मन या दोन्ही घराण्यांचे रणगाडे आहेत. तिथे तोफेपुढे फोटो काढून झाला, की खाली वाकावे. चाके मोजावीत. सगळी एका मापाची आहेत की कडेची मोठी, हे पाहावे. बोग्यांमधली फट हाताने मापावी. अंग ओतीव आहे की जोडलेले, ते कडांवरून ठरवावे. मग शर्मनच्या मागे जाऊन शेवटच्या चाकाला दाते आहेत का ते पाहावे. या क्रमाने पाहण्याची सवय लागली, की पुढच्या वेळी ‘पोहणारा रणगाडा’ असे लिहिलेल्या छायाचित्रातले पाठीवरचे नळ तुम्हाला लगेच खटकतील.