शोध कोणाचा, पेटंट कोणाचे?

मागे वाशिम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यात एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेलो होतो. नववीतल्या एका मुलाने अगदी साधे उपकरण मांडले होते. त्याची आजी दवाखान्यात असताना तिच्या लघवीची पिशवी रात्री काठोकाठ भरली आणि ते कोणाच्या लक्षातच आले नाही. म्हणून त्याने पिशवी एका स्प्रिंगला टांगली. वजनाने स्प्रिंग ताणली गेली की दोन पत्र्या एकमेकींना टेकतात आणि घंटी वाजते. त्याच्या सरांनी मला बाजूला घेऊन विचारले, “सर, याचे पेटंट मिळेल का हो?” मी घाईत काहीतरी उत्तर दिले. ते अर्धवट होते, हे घरी येताना लक्षात आले.

आधी ती नळी समजून घेऊ. पिशवीला जोडलेली ही नळी मूत्राशयापर्यंत जाते, तिला कॅथेटर म्हणतात. अशा नळ्या फार जुन्या आहेत. अडचण होती ती नळी आत टिकवण्याची. ती दोऱ्याने बांधावी लागे किंवा चिकटपट्टीने बसवावी लागे, आणि तरीही ती निसटे. आजच्या रबरी नळीत दोन वाटा असतात. मोठ्या वाटेने लघवी बाहेर येते. बारीक वाटेने टोकाजवळच्या एका छोट्या फुग्यात सिरिंजने पाणी भरतात. फुगा मूत्राशयात फुगला की नळी बाहेर येत नाही. पाणी काढून घेतले की सहज येते. फुग्यात हवा का भरत नाहीत? हवा हळूहळू झिरपून जाते, शिवाय फुगा लघवीवर तरंगू लागतो. मिठाचे पाणीही टाळतात, कारण क्षाराचे स्फटिक बारीक वाटेत अडकले तर फुगा रिकामा होणार नाही. नळीच्या पाकिटावरचा आकडा मुलांना गणिताला द्यायला चांगला आहे. त्या आकड्याला तीनने भागले की बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. १६ नंबरची नळी म्हणजे सुमारे ५.३ मिलिमीटर.

जगभर या नळीला ‘फोली कॅथेटर’ म्हणतात. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातले डॉ. फ्रेडरिक फोली हे मूत्ररोगतज्ज्ञ. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर होणारा रक्तस्राव दाबून धरावा म्हणून त्यांनी फुग्याच्या नळीवर काम सुरू केले. १९३५ साली त्यांनी ती आपल्या व्यवसायबंधूंच्या सभेत दाखवली. पेटंटसाठी अर्ज मात्र केला ऑक्टोबर १९३६ मध्ये. त्याच्या चार महिने आधी, जून १९३६ मध्ये, डॅव्हॉल रबर कंपनीच्या पॉल राइशे यांना अशाच नळीचे पेटंट मिळून गेले होते. फोलींनी दाद मागितली आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. राइशे यांनी फेरसुनावणी मागितली, तेव्हा तो फिरला. पेटंट राइशे यांच्याकडेच राहिले. नाव फोलींचे झाले आणि हक्क दुसऱ्याचा, अशी ही विचित्र वाटणी आहे.

त्या काळी अमेरिकेत ‘आधी कोणी शोधले’ हे पाहत असत, त्यामुळे तारखा आणि वह्या यांवर खटले चालत. २०१३ पासून तिथेही ‘आधी अर्ज कोणी केला’ हेच पाहतात. आपल्याकडे अर्जाचीच तारीख महत्त्वाची असते.

पण पेटंट (मराठीत ‘एकस्व’) नेमके कशाचे मिळते? येथे आपली बहुतेकांची गल्लत होते. त्या प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका ऑफसेटवर छापलेली होती, तिचेच उदाहरण घेऊ. ऑफसेटची प्लेट म्हणजे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. त्यावर प्रकाशाने बदलणारा एक लेप असतो. प्लेट तयार झाली की अक्षरांचा भाग तेलकट शाई धरतो आणि मोकळा भाग पाणी धरतो. दोन्ही एकाच सपाटीत असतात; उठाव नाही की खाच नाही. प्लेटवरची शाई आधी रबरी ब्लँकेटवर उतरते, मग कागदावर. याचे मूळ जर्मनीतील आलोइस झेनेफेल्डर यांच्या शिळाछापात आहे, १७९६ ते १७९८ च्या सुमारास. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली पहिले छापील मराठी पंचांग काढले, तेही शिळाछापावरच.

आता ‘तेल आणि पाणी मिसळत नाही’ याचे पेटंट कोणालाही मिळणार नाही. तो निसर्गनियम आहे, आणि आपला १९७० चा कायदा वैज्ञानिक तत्त्वाला शोध मानत नाही. मात्र त्या तत्त्वावर चालणारा, अधिक प्रती टिकणारा एखादा नवा लेप कोणी बनवला तर त्या लेपाचे पेटंट मिळू शकते. तो नवा हवा, त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचणारा नको आणि उद्योगात वापरता येणारा हवा. नळीचेही तसेच. नव्या नळीला पेटंट मिळेल, पण रोग्यावर उपचार करण्याच्या पद्धतीला आपल्या कायद्यात मिळत नाही. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. टाका घालण्यापूर्वी डॉक्टरांना परवानगी मागावी लागली तर कठीणच आहे.

पेटंट हातात आल्यावर सगळे सुरळीत होते, असेही नाही. शंकर आबाजी भिसे १८६७ साली मुंबईत जन्मले. किराणा माल आपोआप मोजून देणाऱ्या यंत्रासाठी लंडनच्या एका नियतकालिकाने स्पर्धा घेतली होती, ती त्यांनी जिंकली. दादाभाई नौरोजींच्या मदतीने ते लंडनला गेले आणि छपाईच्या खिळ्यांकडे वळले. शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा मिश्रधातू वितळवून मातृकेवर ओतला की एक खिळा तयार होतो. हे काम वेगाने कसे होईल, हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. (देवनागरीच्या जोडाक्षरांमुळे आपल्या जुळाऱ्यांपुढच्या पेट्यांत इंग्रजीच्या कितीतरी पट खिळे लागत, हे जुन्या छापखान्यात गेलेल्यांना आठवेल.) एका वेळी अनेक खिळे ओतणारे ‘भिसोटाइप’ भिसे यांनी बनवले आणि आपल्या यंत्रांची पेटंटेही घेतली. पण कारखाना उभारायला भांडवल लागते. समाजवादी पुढारी हाइंडमन यांनी ते जमवण्याचा प्रयत्न केला, तो फसला. पुढे सर रतन टाटांनी पैसे घातले. ती संस्थाही १९१५ साली बंद पडली. भिसे न्यूयॉर्कला गेले, तिथे पुन्हा यंत्रे केली आणि १९३५ साली तिथेच वारले. नंतर ऑफसेटच्या प्लेटने खिळेच बाद केले. पेटंटचा हक्क ठरावीक वर्षांचा असतो, आज आपल्याकडे अर्जापासून २० वर्षांचा. तेवढ्या वर्षांत माल बाजारात गेला नाही तर तो कागद फ्रेम करून लावण्यापुरता उरतो.

आता रिसोडच्या सरांचे उत्तर. प्रदर्शनात वस्तू सर्वांसमोर मांडली की ती ‘नवी’ राहत नाही. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात ती मांडली असेल तर १२ महिन्यांच्या आत अर्ज करण्याची सवलत आहे. शाळेचे प्रदर्शन सहसा त्यात बसत नाही. म्हणून आधी अर्ज, मग प्रदर्शन. सुरुवातीला तात्पुरते विवरणपत्र दिले तरी तारीख मिळते. पूर्ण विवरणपत्र १२ महिन्यांत द्यावे लागते. महाराष्ट्रासाठी कार्यालय मुंबईला आहे आणि एकट्या व्यक्तीला फी मोठ्या कंपनीपेक्षा बरीच कमी पडते. त्याआधी कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुनी पेटंटे शोधावीत, तो शोध फुकट आहे. पिशवी भरल्याची सूचना देणारी साधने पूर्वी होऊन गेली आहेत, हे मुलाला सांगायला मला जरा वाईट वाटले. अर्जात शोधक म्हणून मुलाचेच नाव घालावे. तिथे शाळेचे किंवा आपले नाव घालण्याचा मोह होतो, तेवढा आवरावा.

हे सगळे मी सरांना पत्राने कळवले. त्यांचे उत्तर आले. आजी कूस बदलली की स्प्रिंग हलायची आणि घंटी उगाच वाजायची, म्हणून मुलाने स्प्रिंगखाली एक चकती लावून ती तेलाच्या वाटीत बुडवली आहे. आता धक्के तेलातच जिरतात. तेलाने हेलकावे शांत करण्याची युक्ती जुनी आहे, तेव्हा ‘हे जाणकाराला सहज सुचले असते’ असे परीक्षक म्हणतील. पण वाटी उलटली तरी तेल सांडत नाही अशी जी रचना त्याने केली आहे, ती मला अजून कुठे सापडलेली नाही. ती कोणाला दाखवलेलीही नाही. तालुक्याचे पुढचे प्रदर्शन डिसेंबरात आहे. मी सरांना लिहिले आहे, अर्ज त्याआधी जाऊ द्या, आणि तोवर वाटी कपाटात राहू द्या.