गाठ चरबीशी

महिन्याच्या ९ तारखेला शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात गेलात, तर गरोदर बायांची गर्दी दिसेल. कुणी कसाऱ्याकडच्या पाड्यावरून आलेली, कुणी टोकावड्याकडून, सोबत आशाताई. २०१६ साली सुरू झालेल्या सुरक्षित मातृत्व अभियानाचा हा दिवस. हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही यांच्या जोडीला आणखी एक चाचणी असते, गरमीची म्हणजे सिफिलिसची. आईची गरमी पोटातल्या बाळाला लागू शकते आणि वेळेत कळली तर पेनिसिलिनने बरी होते. म्हणून ही चाचणी चुकवायची नाही.

तिची जुनी, स्वस्त पद्धत म्हणजे व्हीडीआरएल. गंमत अशी, की ती गरमीचा जंतू शोधतच नाही. ती शोधते चरबीविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं.

१९०६ मध्ये जर्मनीत ऑगस्ट फॉन वासरमन यांनी गरमीची पहिली रक्तचाचणी बसवली, तेव्हा गरमीने दगावलेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क वापरला होता. त्यात जंतू ठासून भरलेले, रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडं त्यांनाच चिकटणार, असा सरळ हिशेब. पण लवकरच कळलं, की निरोगी गुराच्या हृदयाचा अर्कही तेच काम करतो. १९४१ मध्ये अमेरिकेत मेरी पँगबोर्न यांनी त्यातला नेमका पदार्थ वेगळा काढला. हृदयातून मिळालेली चरबी म्हणून तिचं नाव कार्डिओलिपिन.

ही चरबी आपल्या पेशींतल्या तंतुकणिकांच्या आतल्या पडद्यात असते. तंतुकणिका म्हणजे पेशीची वीजघरं. शंभर कोटींहून जास्त वर्षांपूर्वी दुसऱ्या पेशीत मुक्कामाला आलेल्या जीवाणूंचे हे वंशज. त्यामुळे कार्डिओलिपिन जीवाणूंतही सापडतं आणि आपल्यातही. संसर्गात पेशी फुटतात, एरवी झाकलेली ही चरबी उघड्यावर येते, शेजारी जंतूची चरबी असतेच. मग शरीराची फौज दोघींविरुद्ध उभी राहते.

फौजेतल्या टी पेशींना फक्त प्रथिनांचे तुकडे ओळखता येतात, असं बराच काळ मानलं जाई. १९९४ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी दाखवलं, की क्षयाच्या जंतूच्या भिंतीतलं मायकोलिक आम्ल, म्हणजे एक चरबीच, सीडी१ नावाच्या रेणूच्या खोबणीत बसवून टी पेशींपुढे धरलं जातं. त्याच खोबणीत आपली स्वतःची चरबीही बसू शकते. आपलं आणि परकं यांत गोंधळ व्हायला एक जागा आहे ती इथे.

गरमी नसतानाही व्हीडीआरएल पॉझिटिव्ह येते, हे डॉक्टरांना जुनंच ठाऊक होतं. कुष्ठरोगात येते, मलेरियात येते. १९५२ मध्ये मूर आणि मोर या अमेरिकी डॉक्टरांनी नोंदवलं, की ज्यांची चाचणी अशी वर्षानुवर्षं खोटी पॉझिटिव्ह राहते, त्यांच्यातल्या अनेकांना ल्युपससारखे, स्वतःच्याच शरीरावर उलटणारे आजार असतात. १९८३ मध्ये लंडनला ग्रॅहम ह्यूज यांच्या गटाने कार्डिओलिपिनविरुद्धची प्रतिपिंडं थेट मोजायची चाचणी आणली आणि चित्र स्पष्ट झालं: शिरांत गुठळ्या, पुन्हा पुन्हा गर्भपात. या आजाराला आज अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात.

मग संसर्ग झालेल्या प्रत्येकाच्या रक्तात गुठळ्या का होत नाहीत? १९९० च्या सुमारास उत्तर मिळालं. संसर्गातली प्रतिपिंडं बहुधा नुसत्या चरबीला धरतात आणि आजार गेला की ओसरतात. सिंड्रोममधली घातक प्रतिपिंडं चरबीवर येऊन बसणाऱ्या बीटा-२ ग्लायकोप्रोटीन या रक्तातल्या प्रथिनाला धरतात. त्या प्रथिनाशी साम्य असलेले तुकडे काही जंतूंत असतात. असे जंतू टोचलेल्या उंदरांत तशीच प्रतिपिंडं तयार होतात आणि ती दुसऱ्या उंदरांना टोचली की तसाच आजार उद्भवतो, हे इस्रायलमधल्या येहूदा शोएनफेल्ड यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं.

हल्ली बऱ्याच ठिकाणी बोटातल्या थेंबावरची झटपट पट्टी आली आहे. ती जंतूविरुद्धची प्रतिपिंडं पाहते. व्हीडीआरएल चरबीकडे बघते. म्हणून एकीचा कौल दुसरीकडून पडताळून घ्यायचा. गरमी पक्की ठरली, तर उपचार नवरा-बायको दोघांनी घ्यायचे. आणि जिचा गर्भ पुन्हा पुन्हा पडतो, तिने अँटिफॉस्फोलिपिडची तपासणी करून घ्यावी. ती पॉझिटिव्ह आली तर किमान १२ आठवड्यांनी परत करतात. आजार ठरला तर अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनच्या आधाराने पुष्कळ जणींचं बाळंतपण सुखरूप होतं.

व्हीडीआरएलचा कागद घरी गेला, की पहिला संशय बाईवर येतो. त्या कागदावर तिच्या वागण्याचा शब्दही नसतो. तिथे एका चरबीची नोंद असते, जी जंतूतही आहे आणि संशय घेणाऱ्यातही.