बाराचे पाच, पाचाचे तीन

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या बातम्या वर्तमानपत्रात जिथे छापून येतात, तिथवर वाचकाची नजर सहसा पोचत नाही. आतलं पान, खालचा कोपरा, शेजारी निविदा सूचना. फोटोत पुढच्या रांगेत उकिडवे बसलेले खेळाडू, मागे प्राचार्य, उपप्राचार्य, संस्थेचे पदाधिकारी आणि अगदी कडेला, निम्मे कापले गेलेले, शारीरिक शिक्षण संचालक. अभिनंदन करणाऱ्यांची यादी खेळाडूंच्या यादीपेक्षा लांब. मला या बातम्यांचं जुनं वेड आहे. त्यात मी एकच गोष्ट शोधत असतो: अंतिम सामन्यात हरलं कोण? बहुतेकदा ते छापलेलंच नसतं. फुटबॉल असो, कबड्डी असो की खो-खो, जिंकलेलं कॉलेज कळतं, प्रतिस्पर्धी कळत नाही.

प्रतिस्पर्ध्याचं नाव छापायची गरज का वाटत नाही, याचा माग काढत गेलो आणि खेळाच्या इतिहासाऐवजी विद्यापीठाच्या हद्दीच्या इतिहासात जाऊन पडलो. नाशिकच्या कॉलेजांनी कोणाशी खेळायचं, हे गेली शंभर वर्षं मैदानाने ठरवलेलं नाही. ते विधिमंडळाने ठरवलं आहे.

नाशिकचं पहिलं कॉलेज एच. पी. टी. गोखले एज्युकेशन सोसायटीने ते 1924 साली काढलं, तेव्हा ते मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. त्या काळच्या मुंबई विद्यापीठाचा पसारा नजरेसमोर आणा: कराचीचं डी. जे. सिंध कॉलेज, अहमदाबादचं गुजरात कॉलेज, धारवाडचं कर्नाटक कॉलेज, पुण्याचं फर्ग्युसन, मुंबईचं एल्फिन्स्टन, सगळी एकाच छत्राखाली. गोदाकाठचं नवं कॉलेज कागदोपत्री कराचीचं भावंडच होतं. पण भावकी कितीही मोठी असली तरी भांडण बांधाला बांध लागलेल्याशी होतं, आणि एच. पी. टी.चा बांध कोणाच्याच बांधाला लागलेला नव्हता.

10 फेब्रुवारी 1949 रोजी पुणे विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मु. रा. जयकर. विद्यापीठाच्या स्वतःच्या इतिहासातला एक आकडा मला फार बोलका वाटतो: त्या वेळी संलग्न कॉलेजं फक्त 18, विद्यार्थी आठ हजारांवर आणि हद्द बारा जिल्ह्यांची. खानदेशापासून कोल्हापुरापर्यंतचा मुलूख, आणि त्यात अठरा कॉलेजं! म्हणजे नाशिक आणि कोल्हापूर ही एकमेकांपासून सुमारे साडेचारशे किलोमीटरवरची गावं खेळाच्या दृष्टीने एका आवारात आली. मग 1962 साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ झालं आणि दक्षिणेकडचे जिल्हे गेले. उरले पाच: पुणे, अहमदनगर, नाशिक, धुळे, जळगाव. ऑगस्ट 1990मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघालं, खानदेशही गेला. उरले तीन.

बाराचे पाच आणि पाचाचे तीन. या प्रत्येक फाळणीची कारणं शैक्षणिक आणि राजकीय होती, आणि ती योग्यही होती. धुळ्याच्या मुलाने मार्कशीटवरची चूक दुरुस्त करायला पुण्याला का जावं? पण प्रत्येक वेळी खेळाडूंची प्रतिस्पर्ध्यांची यादी मात्र न विचारता पुसली गेली. मनमाडच्या मुलाने चाळीसगावच्या संघाशी वैर धरावं, इतकी ही गावं रेल्वेने जवळ आहेत. पण एक नाशिक जिल्ह्यात, दुसरं जळगाव जिल्ह्यात. 1990नंतर विद्यापीठाच्या स्पर्धेत दोघांची गाठ पडायची तर दोघांनीही आपापल्या विद्यापीठाच्या संघात निवडून यायला हवं.

हद्दीचं हे झालं. हद्दीच्या आतली रचना त्याहून चमत्कारिक आहे. पुणे विद्यापीठात खेळाचे विभाग चार: पुणे शहर, पुणे जिल्हा, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) आणि नाशिक. नाशिकची कॉलेजं आधी आपसात खेळतात. कोणीतरी जिंकतं, वर सांगितलेला फोटो निघतो. त्यानंतर निवड चाचणी होते आणि वेगवेगळ्या कॉलेजांतून मुलं घेऊन नाशिक विभागाचा संघ बनतो. तो आंतरविभागीय स्पर्धेत उतरतो. तिथून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो देशाच्या पश्चिम विभागाच्या स्पर्धेत जातो आणि तिथे तग धरला तर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत. वयाची अट 17 ते 25.

म्हणजे काय होतं पाहा. जिंकलेला संघ वर जात नाही. वर जातात त्यातले तीन-चार जण, आणि तेही कॉलेजची जर्सी उतरवून. ज्या बचावपटूने परवा घोट्यावर लाथ घातली, तोच आज उजव्या बाजूला ‘आपला’ म्हणून उभा. कॉलेजने कमावलेला जय पहिल्याच पायरीवर वितळतो. माझ्या मते आपल्याकडे कॉलेजांची चुरस टिकत नाही, त्याचं मुख्य कारण हे आहे. मुलांमध्ये ईर्षा कमी आहे, प्रेक्षक नाहीत, पैसा नाही ही सगळी रड दुय्यम.

ईर्षा पाहायची असेल तर स्पर्धेच्या दिवशी मैदानाच्या कडेला टाकलेल्या टेबलाशी उभं राहावं. पात्रता अर्जांचा गठ्ठा तिथे असतो. प्रत्येक अर्जावर फोटो, फोटोवर निम्मा आणि कागदावर निम्मा असा प्राचार्यांचा शिक्का, बारावी कोणत्या वर्षी झाली, मध्ये खंड पडला का, आधी कोणत्या कॉलेजात होता. समोरच्या संघाचे सर हे अर्ज परीक्षकापेक्षा बारकाईने वाचतात. शिक्का फोटोवर नीट बसलेला नाही, एवढ्यावरून लेखी प्रोटेस्ट जातो, त्याची फी भरली जाते, आणि सामना सुरू होण्याआधीच एक सामना खेळून होतो. यातलं काही बातमीत येत नाही. मला विचाराल तर खरी बातमी तीच.

नाशिकमध्ये तर चुरशीला लागणारा सगळा दारूगोळा तयार आहे. कॉलेज रोडला ज्याच्यामुळे हे नाव पडलं ते एच. पी. टी., आणि गंगापूर रोडवरचं के. टी. एच. एम. दोन्हींमध्ये चालत जाण्याइतकं अंतर. एकामागे गोखल्यांच्या स्मरणार्थ 1918 साली निघालेली, प्राचार्य त्र्यं. अ. कुलकर्णींनी उभी केलेली संस्था आणि मुंबईच्या ठाकरसी घराण्याचं नाव. दुसऱ्यामागे 1914 साली स्थापन झालेली मराठा विद्या प्रसारक समाज (मविप्र) ही संस्था. तिच्या वाढीला सत्यशोधक विचारांचं पाणी मिळालेलं. तिच्या उदाजी मराठा वसतिगृहाच्या कोनशिलेसाठी 1920 साली शाहू महाराज स्वतः नाशिकला आले होते. के. टी. एच. एम. या आद्याक्षरांत थोरात, हिरे आणि मुरकुटे ही जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनातली तीन कर्मवीरांची नावं दडलेली आहेत. हे कॉलेज निघालं 1969 साली, म्हणजे एच. पी. टी.नंतर पंचेचाळीस वर्षांनी.

एक शहरी, पांढरपेशा परंपरेचं. दुसरं निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्यांच्या वर्गणीतून वाढलेल्या संस्थेचं. मविप्रच्या कार्यकारिणीची निवडणूक जिल्ह्यात आमदारकीच्या ईर्षेने लढवली जाते, हे नाशिककरांना सांगायला नको. इतकी ओळख, इतका अभिमान, इतकं जवळचं अंतर. तरीही दोन कॉलेजांचा म्हणून एक ठरलेला वार्षिक सामना, अमुक शनिवारी, अमुक मैदानावर, माजी विद्यार्थी सुट्टी टाकून येतील असा, शहराच्या बोलण्यात नाही. एच. पी. टी. म्हटलं की नाशिककर कुसुमाग्रज आणि कानेटकरांचं नाव घेतो. तिथल्या एखाद्या गोलरक्षकाचं नाव कोणी घेतलेलं मी ऐकलेलं नाही.

छोट्या कॉलेजांचं वैर काय ताकदीचं असू शकतं, याचा सर्वांत लोभस नमुना मला अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात सापडला. क्रॉफर्ड्सव्हिल गावातलं वॉबॅश कॉलेज आणि ग्रीनकॅसल गावातलं डीपॉ, मध्ये चाळीसेक किलोमीटर. वॉबॅश फक्त मुलांचं आहे, विद्यार्थी हजाराच्या आत. म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजाहून लहान. ही दोघं 1890 पासून अमेरिकी फुटबॉल खेळतात. 1932 पासून जिंकणाऱ्याला मिळते एक घंटा, मोनॉन रेल्वेच्या इंजिनावरची, तीनशे पौंड वजनाची. मोनॉन ही या दोन्ही गावांवरून जाणारी रेल्वे. या पातळीच्या कॉलेजांत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, त्यामुळे मैदानावर असतात ती वर्गातलीच मुलं.

ही घंटा मिळवण्यापेक्षा पळवण्याचा इतिहास जास्त रंगतदार आहे. 1965 साली वॉबॅशचा एक विद्यार्थी मेक्सिकोचा शिक्षणविषयक प्रतिनिधी बनून डीपॉमध्ये गेला. मेक्सिकन विद्यार्थ्यांना तुमच्याकडे पाठवायचं म्हणतो, जरा कॉलेज दाखवा. यजमानांनी आदराने सगळं आवार फिरवलं. पाहुण्याने जाता जाता त्या प्रसिद्ध घंटेची चौकशी केली. घंटा पळवापळवीच्या भीतीने दडवून ठेवलेली. पण पाहुणा परदेशी, त्याला काय त्याचं? लपवलेली जागा दाखवली गेली आणि रात्री घंटा गेली. हा प्रकार ‘ऑपरेशन फ्रिहोलेस’ या नावाने आजही दोन्ही कॉलेजांत सांगितला जातो, एका ठिकाणी मिशीवर ताव देत आणि दुसऱ्या ठिकाणी दात ओठ खात.

माझ्या शोधाला उपयोगी पडली ती मात्र वेगळीच गोष्ट. मध्यंतरी काही वर्षं ही दोन कॉलेजं वेगवेगळ्या लीगमध्ये होती. 2011 साली डीपॉ पुन्हा वॉबॅशच्या लीगमध्ये आलं. नकाशा बदलला तरी सामना थांबला नाही, कारण तो नकाशाच्या मालकीचा नव्हताच. तो दोन कॉलेजांनी आपसात ठरवलेला होता आणि मध्ये एक वजनदार वस्तू होती. आपल्याकडे अशी वस्तू आहे, पण शिडीच्या टोकाला. आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक 1935 साली सुरू झाला तो अर्देशर बारिया या मुंबईच्या पारशी गृहस्थाने मुलाच्या स्मरणार्थ दिला म्हणून. तळाच्या पायरीवरच्या चषकाला बहुधा नावच नसतं. असतं ते दुकानातून आणलेलं, वर ‘विजेता’ असं कोरलेलं.

‘अमेरिकेचं सोडा, आपल्या लोकांना असली खुन्नस झेपत नाही’ असं म्हणणाऱ्याने कोल्हापूरला जाऊन यावं. तिथे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, जुना बुधवार, फुलेवाडी. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन 1940 पासूनची. तिच्या वरिष्ठ गटात सोळा संघ आणि सामने शाहू स्टेडियमवर. ज्या मातीत शाहू महाराजांनी कुस्ती वाढवली, तिथल्या तालमींनीच पुढे फुटबॉलचे संघ बाळगले. मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ असा सामना असला की गॅलरी खचाखच, शिट्ट्या, शिव्या, कधी दगड आणि मग पोलिसांच्या काठ्या. ईर्षा इतकी की तालमींनी नायजेरियाचे खेळाडू आणून खेळवले. यातल्या हुल्लडबाजीचं मी समर्थन करणार नाही. पण 2017च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

कोल्हापूरच्या पोराला आयुष्यभर एकच जर्सी असते. तीच त्याच्या बापाची, बहुधा आजोबाचीही. पाटाकडीलचा संघ जिंकला तर पाटाकडीलचाच संघ पुढच्या फेरीत जातो. त्यातले चौघे निवडून ‘पूर्व कोल्हापूर विभाग’ करायचा ठराव कोणी मांडला, तर मांडणाऱ्याला त्या संध्याकाळी रंकाळ्यावर फिरता येणार नाही.

उलट आपली विद्यापीठाची शिडी कोणाला मानवते, ते नाशिकच्या नावांवरून कळतं. हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत: 2010च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. संजीवनी जाधव: 2017च्या तैपेई जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजार मीटरचं रौप्य, म्हणजे या शिडीची अगदी शेवटची पायरी. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने नाव वल्हवून तेरावा आला; त्याला पाण्यात उतरवलं ते सैन्याने. तिघेही एकेकट्याने लढायच्या खेळातले. धावणाऱ्या मुलीला बरोबर दहा जण न्यावे लागत नाहीत. फुटबॉलच्या संघाला मात्र ही शिडी वर चढवत नाही, ती त्याचे तुकडे करते.

शिवाय शिडीच्या प्रत्येक पायरीवर प्रमाणपत्र आहे, आणि ते एकेकट्याच्या नावाचं. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे; त्यासाठी लागणारी कामगिरी वरच्या पायऱ्यांवरची. त्यामुळे कळवणहून एसटीने येणारा मुलगा कॉलेज जिंकलं की नाही यापेक्षा निवड यादीत आपण आहोत का, हे आधी पाहतो. त्याला मी नावं ठेवणार नाही. घरी कांद्याचा भाव काय चालू आहे, हे त्याला माहीत असतं. पण ज्या व्यवस्थेत हरलेल्या संघातला चांगला खेळाडू निवडला जातो आणि जिंकलेल्या संघातला बरा खेळाडू घरी जातो, तिथे संघाच्या जिंकण्याला वजन येणार कुठून? निवड समितीच्या दृष्टीने अंतिम सामना ही एक लांबलेली चाचणीच.

नाशिकला स्वतंत्र विद्यापीठ हवं, ही मागणी अधूनमधून होते. उद्या ती मान्य झाली तर तिनाचा एक होईल. पुणे आणि नगरही प्रतिस्पर्ध्यांच्या यादीतून जातील, आणि नाशिकच्या मुलांनी हरवण्यासाठी नाशिकचीच मुलं उरतील. तो दिवस येण्याआधी कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या दोन प्राचार्यांनी एका कागदावर सह्या कराव्यात: दरवर्षी जानेवारीतला एक रविवार, फुटबॉलचा एक सामना, निवड समितीला मज्जाव. घंटेचा शोधही लांब घ्यावा लागणार नाही, पंचवटीत घंटा मुबलक आहेत. कुलगुरूंची परवानगी नको, शासन निर्णय नको. आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत हरलेल्या कॉलेजचं नाव पहिल्या ओळीत छापून येईल, कारण शहराला तेच वाचायचं असेल.