घरीच इंजेक्टर साफ करताय? आधी गाडी सेलरमधून बाहेर काढा

हैदराबाद : गाडी सकाळी सुरू होताना अडखळते, सिग्नलला थरथरते, पिकअप गेला, अ‍ॅव्हरेज पडला. मेकॅनिक म्हणतो, ‘इंजेक्टर जाम झालेत.’ खर्चाचा आकडा ऐकला की मोबाईलवर व्हिडिओ बघून रविवारी घरीच काम उरकावं, असा विचार अनेकांच्या मनात येतो. यातलं काही काम घरी नक्की होतं. काही मात्र जिवावर बेतणारं आहे. आबिड्ससारख्या दाट वस्तीत, जिथे गाड्या इमारतीखालच्या सेलरमध्ये उभ्या असतात, तिथे हा फरक समजून घेणं गरजेचं आहे.

इंजेक्टर करतो काय?

जुन्या गाड्यांत कार्बोरेटर जे काम करायचा, ते आता इंजेक्टर करतो. कॉम्प्युटरच्या इशाऱ्यावर तो उघडतो आणि पेट्रोलचा बारीक फवारा सोडतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर एकेक इंजेक्टर सेकंदाला २५ वेळा उघडतो. त्याच्या तोंडाशी थोडा जरी थर बसला तरी फवाऱ्याचा आकार बिघडतो, पेट्रोल नीट जळत नाही.

हा थर बहुतेक वेळा गाडी बंद केल्यावर बसतो. गरम इंजिनच्या उष्णतेने इंजेक्टरच्या टोकाशी उरलेलं पेट्रोल सुकतं आणि त्याचा चिकट लेप राहतो. म्हणून आबिड्सहून कोठी, तिथून नामपल्ली, परत घर असे छोटे छोटे फेरे मारणाऱ्या गाडीला हा त्रास लवकर होतो. देगलूरमार्गे नांदेडला किंवा उमरग्यामार्गे सोलापूरला नेहमी जाणाऱ्या गाडीला तो कमी होतो.

दोष खरंच इंजेक्टरचा आहे का?

पैसे खर्च करण्याआधी हे तपासा. झटके मारण्याची कारणं अनेक असतात : खराब प्लग, कमजोर इग्निशन कॉइल, तुंबलेला एअर फिल्टर, काजळलेली थ्रॉटल बॉडी.

साध्या स्कॅनरवर पी-०३०१ असा कोड आला, तर मिसफायर पहिल्या सिलिंडरमध्ये आहे. इंजिन बंद करून त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावा. कोड बदलून पी-०३०२ झाला, तर दोष कॉइलचा. तो जागेवरच राहिला, तर प्लगची अशीच अदलाबदल करा. त्यानंतरही कोड तिथेच असेल, तर इंजेक्टरवर संशय घ्यायला जागा आहे.

नुसता अ‍ॅव्हरेज थोडा कमी झाला असेल तर पेट्रोलकडेही बघा. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. हिशोब केला तर १० टक्के मिश्रणावरून २० टक्क्यांवर आल्यावर ऊर्जा तीन-साडेतीन टक्के घटते. ही घट इंजेक्टर धुऊन भरून येणार नाही.

घरी काय करता येईल?

पहिला आणि सर्वांत सोपा उपाय टाकीतून होतो. इंजेक्टर क्लीनरची बाटली घेताना लेबलवर पॉलीइथरअमाइन हा घटक आहे का ते बघा. जमलेला थर सोडवण्यासाठी तो चांगला मानला जातो.

१. बाटली किती लिटर पेट्रोलसाठी आहे ते वाचा. जास्त ओतल्याने जास्त साफ होत नाही.
२. आधी क्लीनर टाकीत ओता, मग पेट्रोल भरा, म्हणजे ते नीट मिसळतं.
३. ती टाकी शक्यतो लांबच्या प्रवासात संपवा. गावी जायचं असेल तर तीच वेळ साधा.
४. एका टाकीनंतर फरक जाणवला नाही, तर बाटल्यांवर बाटल्या ओतू नका. तपासणी करून घ्या.

व्हिडिओतला उपाय धोक्याचा का?

अनेक व्हिडिओंत इंजेक्टर काढून त्याला क्लीनरच्या स्प्रेची नळी जोडतात आणि दोन वायरी बॅटरीला टेकवून तो उघडतात. दिसायला सोपं वाटतं. पण वायर टेकवताना ठिणगी उडते आणि त्याच क्षणी समोर ज्वलनशील द्रवाचा फवारा असतो. आग लागायला आणखी काही लागत नाही. शिवाय वीज जास्त वेळ दिली तर इंजेक्टरची कॉइलही जळते.

सेलरमध्ये धोका आणखी वाढतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागी साचते. मोटरचा पंप सुरू झाला किंवा कोणी स्कूटर स्टार्ट केली, तरी तेवढी ठिणगी पुरते.

आबिड्सपासून जवळच, नामपल्लीच्या बाजारघाटात १३ नोव्हेंबर २०२३ रोजी एका इमारतीला आग लागली आणि किमान ९ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर रसायनांचे ड्रम ठेवलेले होते. तिथे गाडीची दुरुस्ती सुरू असताना ठिणगी पडल्याचं प्राथमिक माहितीत पुढे आलं होतं. खाली लागलेल्या आगीचा धूर जिन्यातून वर चढतो आणि वरच्या मजल्यांवरच्या लोकांना उतरायला वाट राहत नाही.

इंजेक्टर स्वतः काढायचेच असतील तर

साध्या पेट्रोल गाडीचे इंजेक्टर थोडा हात बसलेला माणूस काढू शकतो. मात्र काम मोकळ्या जागेत आणि थंड इंजिनवर करा. आधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे पाइपातला दाब उतरतो. इंजिन पुन्हा थंड झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. तरीही थोडं पेट्रोल सांडतं, म्हणून खाली कापड धरा आणि पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. छिद्रात पिन किंवा तार घालू नका. रबरी ओ-रिंग नव्याच बसवा. जुन्या रिंगमधून गळती झाली तर पेट्रोल थेट गरम इंजिनवर पडतं. बसवून झाल्यावर फ्यूज आणि बॅटरीची वायर परत लावा, नुसती चावी फिरवून पंप चालू करा, गळती नाही हे बघा आणि मगच सेल्फ मारा.

काढलेले इंजेक्टर अल्ट्रासॉनिक मशिन आणि टेस्ट बेंच असलेल्या वर्कशॉपमध्ये द्या. बेंचवर चारही इंजेक्टर काचेच्या नळ्यांत फवारा सोडतात. सफाईआधी आणि नंतर नळ्यांतली पातळी स्वतः उभं राहून बघा. पैसे कशाचे दिले ते तिथे डोळ्यांना दिसतं.

या गाड्यांना हात लावू नका

डिझेल कॉमन रेल आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल गाड्या घरी उघडू नका. साध्या पेट्रोल गाडीत दाब तीन-चार बार असतो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये तो २०० बारच्या पुढे जातो, तर आधुनिक डिझेलमध्ये १,६०० ते २,००० बारपर्यंत. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी फाडून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण आत डिझेल पसरतं आणि बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठा आणि डिझेल आत गेलं आहे, असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.