हाडातलं खनिज बाटलीत कसं धरतं?

खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात. पाकात साखर गरजेपेक्षा जास्त असते, पण बसायला जागा मिळेपर्यंत ती तशीच राहते. दोरा मिळाला की खडे धरतात.

आपल्या रक्ताचंही तसंच आहे. लिटरभर रक्तद्रवात सुमारे १०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, जोडीला फॉस्फेट. एवढ्यावर हाडातलं खनिज, म्हणजे ॲपेटाइट, तयार व्हायला हरकत नसते. अडतं ते सुरुवातीपाशी.

ही सुरुवात तपासायला जपानच्या क्योतो विद्यापीठातल्या तादाशी कोकुबो यांनी १९९०च्या सुमारास रक्तद्रवाशी मिळतंजुळतं क्षारांचं द्रावण रूढ केलं. ते करताना क्रम चुकवून चालत नाही. शुद्ध पाणी ३६.५ अंशांवर ठेवून मीठ, खायचा सोडा, फॉस्फेट, मॅग्नेशियम असे क्षार एकेक विरघळवतात. मग आम्ल घालतात आणि त्यानंतरच कॅल्शियम. शेवटी ट्रिस नावाची पूड चिमटीचिमटीने टाकत सामू ७.४ वर आणतात. इथे घाई केली तर द्रावण गढुळतं आणि सगळं ओतून द्यावं लागतं. भांडंही प्लास्टिकचं, गुळगुळीत, बिनओरखड्याचं लागतं. ओरखडा म्हणजे नको तिथे सोडलेला दोराच!

आता हवा तो दोरा सोडायचा. खुब्याच्या कृत्रिम सांध्यात वापरतात त्या टायटॅनियमचा तुकडा आधी कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात ६० अंशांवर दिवसभर ठेवतात, मग ६०० अंशांवर तासभर तापवतात. त्याच्या पृष्ठभागावर सोडियम टायटॅनेटचा थर येतो. तुकडा द्रावणात बुडवला की हे सोडियम सुटतं आणि पृष्ठभाग ऋणभारित होतो. त्याकडे धनभारित कॅल्शियम ओढलं जातं, कॅल्शियमकडे फॉस्फेट. आधी आकारहीन लेप बसतो, मग त्यातून ॲपेटाइटचे सूक्ष्म स्फटिक होतात. एकदा बीज धरलं की थर आपोआप वाढतो, कारण माल द्रावणातच असतो. त्यात कार्बोनेट आणि मॅग्नेशियमही शिरतं, त्यामुळे तो हाडातल्या ॲपेटाइटसारखाच अर्धवट स्फटिकी असतो.

मात्र या बाटलीत प्रथिनं नाहीत, पेशी नाहीत. रक्तातली काही प्रथिनं स्फटिकांची वाढ रोखतात, म्हणून तर रक्तवाहिन्या सहसा मोकळ्या राहतात. त्यामुळे बाटलीत थर आला म्हणजे शरीरात हाड चिकटेलच, असं नाही. ही फक्त पहिली चाळणी. खरी परीक्षा जिवंत हाडातच होते.