शब्दयोगी पदबंध, इंग्रजीतील

इंग्रजी वाक्यात शब्दयोगी अव्यय आणि त्यावर अवलंबून असणारे नाम, सर्वनाम वा धातुसाधित नाम यांनी मिळून बनणारा शब्दसमूह. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाच्या सामान्यरूपाला जोडून त्याच्यानंतर येते (‘टेबलाखाली’). इंग्रजीत ते नामापूर्वी येते (‘अंडर द टेबल’). म्हणून इंग्रजीतील पदबंध ओळखताना प्रथम अव्यय शोधावे व त्यापुढे ‘कोणाच्या?’ वा ‘कशाच्या?’ असा प्रश्न विचारावा. उत्तरादाखल येणारे पद विशेषणांसह घेतले की पदबंध पूर्ण होतो. अव्ययानंतर सर्वनामाचे कर्मरूप येते; उदा., ‘विथ ही’ असे न होता ‘विथ हिम’ असे होते.

केवळ शब्दाच्या रूपावरून निर्णय करता येत नाही. ‘टू स्कूल’ हा पदबंध आहे. ‘टू गो’ यातील ‘टू’ मात्र क्रियापदाच्या मूळ रूपाचे चिन्ह होय. ‘आफ्टर द वॉर’ हा पदबंध. पण ‘आफ्टर द वॉर एंडेड’ यात कर्ता व क्रियापद असल्याने पारंपरिक व्याकरण ‘आफ्टर’ला उभयान्वयी अव्यय मानते. ‘शी लुक्ड अप द वर्ड’ या वाक्यात ‘अप’ क्रियापदाचा भाग आहे; कारण ‘लुक्ड द वर्ड अप’ अशी रचनाही होते. ‘शी लुक्ड अप द चिमनी’ याची तशी फिरवाफिरव होत नाही. तेथे ‘अप द चिमनी’ हा पदबंध आहे.

पदबंध नामाचे विशेषण म्हणून किंवा क्रियाविशेषण म्हणून येतो. ‘शी वॉच्ड द बॉय विथ द बायनॉक्युलर्स’ या वाक्यात दुर्बीण तिच्याजवळ की मुलाजवळ, हे पदबंध कशाला जोडावा यावर ठरते. करार व कायदे यांच्या भाषेत अशी संदिग्धता वादाचे मूळ ठरू शकते. तसेच पदबंधातील नाम वाक्याचा कर्ता नसते. ‘द बॉक्स ऑफ मँगोज इज हेवी’ यात ‘मँगोज’ अनेकवचनी असूनही ‘बॉक्स’ या कर्त्यामुळे क्रियापद एकवचनी राहते.

अव्यय वाक्याच्या शेवटी ठेवण्यावर जॉन ड्रायडन यांनी १६७२ मध्ये आक्षेप घेतला होता; तथापि ‘हूम’ वा ‘व्हॉट’ने आरंभ होणाऱ्या प्रश्नांत ही रचना रूढ आहे. हडल्स्टन व पुलम यांच्या २००२ मधील बृहद् व्याकरणात नामाविना येणारी अव्ययेही याच वर्गात घातली असून ‘आफ्टर’ सर्वत्र शब्दयोगीच मानले आहे.